हिट झालेलं संगीत दरवेळी सोडून देणारा माइल्स डेव्हिस आणि त्याचे सात अल्बम

तारीख होती २५ ऑगस्ट १९५९. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'बर्डलँड' नावाचा जॅझ क्लब होता. त्या रात्री क्लबच्या बाहेर ज्याच्या नावाची पाटी लागली होती तो माणूस म्हणजे माइल्स डेव्हिस.

कार्यक्रमाच्या मधल्या वेळेत माइल्स बाहेर आला. त्यानं एका गोऱ्या महिलेला टॅक्सीत बसवून दिलं आणि तिथंच सिगारेट ओढत थांबला. एक पोलीस आला आणि त्यानं माइल्सला तिथून निघून जायला सांगितलं. आपण इथंच वाजवतो, पाटीवर आपलंच नाव आहे, असं माइल्सनं त्याला समजावून बघितलं. काही उपयोग झाला नाही. वाद वाढला आणि दुसऱ्या एका पोलिसानं माइल्सच्या डोक्यात दांडका घातला.

रक्तानं माखलेल्या सुटातल्या माइल्सचे फोटो पेपरात छापून आले. कोर्टानं पुढं त्याला निर्दोष सोडलं, पण डोक्याला टाके पडायचे ते पडलेच.

यातली खरी गोष्ट अशी की, या रात्रीच्या बरोबर आठ दिवस आधी, १७ ऑगस्टला माइल्सचा एक अल्बम बाजारात आला होता. नाव होतं 'काइंड ऑफ ब्लू'. आज तो जॅझच्या इतिहासातला सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमपैकी एक आहे. एकट्या अमेरिकेत त्याचा आकडा ५० लाखांवर गेलाय. २००९ मध्ये, अल्बमला ५० वर्षं झाली म्हणून अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेनं त्याच्या गौरवाचा ठराव केला. ज्या देशाच्या पोलिसांनी त्याला फुटपाथवर फोडून काढलं, त्याच देशाच्या संसदेत त्याच्या नावानं ठराव झाला.

तर जॅझचे चार दर्दी एकत्र बसवा आणि विचारा, माइल्सचा सगळ्यात भारी अल्बम कुठला? चार वेगळी उत्तरं येतील आणि वर भांडणं होतील. कारण माइल्सचे दोन अल्बम लागोपाठ ऐकले, तर ते एकाच माणसानं केलेत यावर विश्वास बसत नाही. एखादी गोष्ट चालली, लोकांना आवडली, पैसे मिळायला लागले, की हा गडी ती सोडून पुढं जायचा.

म्हणूनच त्याच्या अल्बमना नंबर लावताना खपाचा आकडा कामाचा नाही. बघायचं ते एवढंच, की त्या अल्बमसाठी माइल्सनं हातातलं काय सोडलं आणि नंतरच्या लोकांनी त्यातून काय उचललं. त्यासाठी त्याचं आयुष्य बघावं लागतं.

दाताच्या डॉक्टरचा पोरगा

माइल्सचा जन्म २६ मे १९२६ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावचा. तो वाढला ईस्ट सेंट लुईसमध्ये. जॅझवाला म्हणलं की गरिबीतून वर आलेला माणूस डोळ्यासमोर येतो, पण माइल्सच्या घरी तसं काही नव्हतं. वडील दाताचे डॉक्टर, घरची शेतीवाडी, पैशाला कमी नाही. पण काळ्या माणसाला गोऱ्यांच्या अमेरिकेत कशी वागणूक मिळते, हे पैसेवाल्या घरालाही चुकलं नव्हतं.

आईला वाटत होतं पोरानं व्हायोलिन शिकावं. वडिलांनी १३ व्या वर्षी हातात ट्रम्पेट दिला.

आपल्याकडं ट्रम्पेट म्हणलं की लग्नाच्या वरातीतला बँड आठवतो. नाहीतर 'अलबेला'च्या काळातली सी. रामचंद्र यांची गाणी आठवतात, ज्यांच्या मागं चिक चॉकलेटसारखा गोव्याचा वादक असायचा. चढा, खणखणीत, लांबूनही ऐकू येणारा आवाज. अमेरिकेतही ट्रम्पेटची ओळख तशीच होती. पण माइल्सचे मास्तर एलवूड ब्युकॅनन वेगळ्या मताचे होते. सूर थरथरवायचा नाही, सरळ लावायचा, ही त्यांची शिकवण. माइल्सनं ती आयुष्यभर पाळली. पुढं ट्रम्पेटच्या तोंडाला धातूचं बूच लावून, माइकच्या अगदी जवळ जाऊन, कानात बोलल्यासारखं वाजवणं ही त्याची खूण झाली.

१९४४ मध्ये बिली एक्स्टाइनचा बँड सेंट लुईसला आला. त्यात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी होते. म्हणजे त्यावेळी जॅझमध्ये जो 'बीबॉप' नावाचा नवा, प्रचंड वेगाचा प्रकार येत होता, त्याचे दोन मोठे उस्ताद. बँडचा एक ट्रम्पेटवाला आजारी पडला आणि १८ वर्षांच्या माइल्सला त्याच्या जागी बसायला मिळालं. त्यानं तिथंच ठरवलं की आता न्यूयॉर्क गाठायचं.

घरच्यांसाठी कारण होतं ज्युलियार्ड, म्हणजे अमेरिकेतलं नामांकित संगीत विद्यालय. प्रत्यक्षात माइल्स दिवसा कॉलेजात आणि रात्री क्लबमध्ये चार्ली पार्करला शोधत फिरायचा. पार्कर सापडला. १९४५ मध्ये माइल्सनं ज्युलियार्ड सोडलं आणि पार्करच्या बँडमध्ये वाजवायला लागला.

बर्थ ऑफ द कूल

बीबॉप म्हणजे स्पीड. सेकंदाला सुरांचा पाऊस. माइल्स त्यात तयार झाला होता, पण डिझीसारखं उंच आणि वेगात वाजवणं हा आपला पिंड नाही, हे त्याला कळत होतं.

न्यूयॉर्कमध्ये ५५ व्या रस्त्यावर एका चिनी लाँड्रीच्या मागं तळघरात गिल इव्हान्स नावाचा संगीतकार राहायचा. तिथं तरुण वादकांचा अड्डा जमायचा. त्या अड्ड्यावर नऊ जणांचा एक बँड उभा राहिला. त्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबासारखी, छोट्या जॅझ बँडमध्ये सहसा न दिसणारी वाद्यं होती. वेग कमी, आवाज मऊ, सगळं आधी नीट लिहिलेलं.

१९४८ मध्ये या बँडनं क्लबमध्ये काही दिवस वाजवलं. फार गर्दी झाली नाही. १९४९ आणि १९५० मध्ये रेकॉर्डिंग झालं आणि बँड मोडला. यातली जवळपास सगळी रेकॉर्डिंग अल्बम म्हणून एकत्र आली ती थेट १९५७ मध्ये. तोवर याच पद्धतीतून 'कूल जॅझ' नावाची अख्खी शाखा तयार झाली होती.

मधल्या काळात माइल्सचं काय झालं? तर १९४९ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथं काळा-गोरा भेद न करता लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. गायिका ज्युलिएट ग्रेकोच्या प्रेमात पडला. परत अमेरिकेत आल्यावर पुन्हा तीच जुनी वागणूक वाट्याला आली आणि तो हेरॉइनच्या नादी लागला. चार-पाच वर्षं वाया गेली. शेवटी वडिलांच्या शेतावर जाऊन, स्वतःला खोलीत कोंडून त्यानं व्यसन सोडलं. १९५४ पर्यंत तो परत उभा राहिला.

१९५५ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यानं असं वाजवलं की कोलंबिया या बड्या कंपनीनं त्याला करारात घेतलं. पण जुन्या 'प्रेस्टिज' कंपनीला अजून चार अल्बम द्यायचे बाकी होते. मग माइल्सनं १९५६ मधल्या फक्त दोन दिवसांत, ११ मे आणि २६ ऑक्टोबरला, स्टुडिओत जाऊन चार अल्बमचा माल वाजवून टाकला आणि मोकळा झाला. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन असलेला तो बँड आणि ते चारही अल्बम आज क्लासिक मानले जातात.

याच सुमारास त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं असताना तो कुणावर तरी ओरडला आणि आवाज कायमचा बसला. त्याचा तो खरखरीत, कुजबुजल्यासारखा आवाज तिथला.

काइंड ऑफ ब्लू

आता आपण १९५९ ला आलो.

त्यावेळच्या जॅझमध्ये गाण्याला कॉर्ड्सची एक साखळी असायची. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा गट. ही साखळी भराभर बदलायची आणि वादकाला तिच्यामागं पळत आपली कल्पना मांडावी लागायची. बीबॉपनं ही शर्यत टोकाला नेली होती.

माइल्सनं साखळीच काढून टाकली. वादकांच्या हातात दिल्या काही स्वरपंक्ती, आणि एकेकीवर निवांत थांबायची मोकळीक. पहिलंच गाणं 'सो व्हॉट' घ्या. १६ मात्राखंड एकच स्वरपंक्ती, मग ८ खंड तीच अर्धा सूर वर, मग ८ खंड परत मूळ जागी. बस्स. आपल्याकडं रागदारी ऐकणाऱ्याला हे पटकन समजेल, कारण मोजक्या स्वरांत राहून विस्तार करणं आपल्या कानाला सवयीचं आहे. हा राग नव्हे, पण घाई नसलेलं ऐकणं दोन्हीकडं सारखंच लागतं.

रेकॉर्डिंग झालं २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ ला, एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथं. वादकांना आधी फारसं काही दिलेलं नव्हतं. कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स आणि एका गाण्यापुरता विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. पाच गाणी, दोन दिवस, विषय संपला.

एक गंमत म्हणजे मार्चच्या दिवशी टेपचं मशीन किंचित हळू चाललं होतं. त्यामुळं रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची गाणी मूळ सुरापेक्षा जरा वर वाजायची. ही चूक दुरुस्त व्हायला ३० पेक्षा जास्त वर्षं गेली. तोवर लाखो लोकांनी जगातला सगळ्यात लाडका जॅझ अल्बम चढ्या सुरात ऐकला होता.

स्केचेस ऑफ स्पेन

बर्डलँडच्या मारहाणीनंतर तीनच महिन्यांत माइल्स परत स्टुडिओत होता. सोबत पुन्हा गिल इव्हान्स. स्पेनचे संगीतकार होआकिन रोद्रिगो यांची गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीची एक प्रसिद्ध रचना आहे, 'कॉन्सिएर्तो दे अरानहुएस'. तिचा मधला संथ भाग दोघांनी घेतला आणि गिटारच्या जागी ट्रम्पेट बसवला.

१९६० मध्ये अल्बम आला. हे जॅझ आहे की नाही, यावर तेव्हा वाद झाले. पण जॅझचं नावही न ऐकलेल्या अनेकांच्या घरी माइल्स पहिल्यांदा पोचला तो या अल्बममुळं.

या काळातली दुसरी बाजू मात्र सांगायला हवी. १९५९ च्या शेवटी माइल्सनं नर्तिका फ्रान्सिस टेलरशी लग्न केलं. ती ब्रॉडवेवरच्या 'वेस्ट साइड स्टोरी'त काम करत होती. माइल्सनं तिला ते सोडायला लावलं. तो तिला मारायचा. पुढं कोकेन आणि संशय वाढत गेला आणि १९६५ मध्ये जीव वाचवण्यासाठी ती घरातून निघून गेली. १९८९ च्या आत्मचरित्रात त्यानं स्वतःच या मारहाणीची कबुली दिली. ज्याच्या डोक्यात पोलिसानं दांडका घातला, तो माणूस घरी काय करत होता, हेही त्याच्या आयुष्याच्या हिशोबात धरावंच लागतं.

माइल्स स्माइल्स

कोल्ट्रेन स्वतःच्या वाटेनं गेला, जुना बँड संपला. चाळिशीकडं झुकलेल्या माइल्सनं आपल्यापेक्षा कितीतरी लहान पोरं गोळा केली. हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर, वेन शॉर्टर आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स. टोनी १९६३ मध्ये आला तेव्हा १७ वर्षांचा होता.

नाव माइल्सचं असलं तरी तो या पोरांच्या मागं धावत होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये दोन दिवसांत रेकॉर्ड झालेल्या या अल्बममध्ये सहापैकी फक्त एक रचना त्याची आहे. तीन वेन शॉर्टरच्या. काही गाण्यांत सोलो चालू असताना पियानो मागं कॉर्ड्स धरतच नाही, वादकाला मोकळं सोडून देतो. मोठ्या माणसानं पोरांना खेळू देणं म्हणजे काय, ते इथं ऐकायला मिळतं.

बिचेस ब्रू

१९६८ पर्यंत अमेरिकेतली तरुण पोरं रॉक ऐकत होती. जॅझचे क्लब ओस पडत चालले होते. माइल्सनं त्या वर्षी बेटी मेब्रीशी लग्न केलं. लग्न वर्षभरच टिकलं, पण बेटीनं त्याला जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन ऐकायला लावलं. सूट गेले, रंगीबेरंगी शर्ट आले.

फेब्रुवारी १९६९ मध्ये एका दिवसात 'इन अ सायलेंट वे' झाला. त्यात इंग्लंडहून नुकताच अमेरिकेत उतरलेला गिटारवाला जॉन मॅकलॉफलिन होता. हाच मॅकलॉफलिन पुढं आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' हा ग्रुप काढणार होता.

मग ऑगस्टमध्ये, वुडस्टॉकचा महोत्सव संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस 'बिचेस ब्रू'चं रेकॉर्डिंग चाललं. दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो एकाच वेळी, दोन बास, एकापेक्षा जास्त ड्रम्सवाले. माइल्स खुणेनं वाद्यं चालू-बंद करायचा. नंतर निर्माता टिओ मसेरोनं टेप कात्रीनं कापून, जोडून नव्यानं रचना बांधल्या. कॉम्प्युटरवर आज जे सहज होतं, ते तेव्हा ब्लेड आणि चिकटपट्टीनं झालं.

१९७० मध्ये अल्बम आला आणि जुने चाहते भडकले. माइल्सनं पैशासाठी जॅझ विकलं, अशी ओरड झाली. पण पाच लाखांच्या वर खप गेला, ग्रॅमी मिळालं आणि त्या स्टुडिओत बसलेल्यांनी पुढची दहा वर्षं गाजवली. शॉर्टर आणि झाविनुलचा 'वेदर रिपोर्ट', मॅकलॉफलिनचा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा', चिक कोरियाचा 'रिटर्न टू फॉरएव्हर', सगळे इथूनच निघाले.

ऑन द कॉर्नर

१९७२ मध्ये माइल्सला काळ्या वस्त्यांमधल्या पोरांपर्यंत पोचायचं होतं. 'ऑन द कॉर्नर'मध्ये गाणं असं काही नाहीच, एकच ठेका घुमत राहतो. त्या ठेक्यात तबला आहे आणि सतारही. तबला वाजवणारे बादल रॉय मूळचे आताच्या बांगलादेशातल्या कुमिल्ल्याचे, न्यूयॉर्कला शिकायला आलेले.

अल्बम आपटला. समीक्षकांनी धुतला. पण वीसेक वर्षांनी हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या पोरांना तो सापडला आणि त्यांना कळलं की आपण जे करतोय ते या माणसानं आधीच केलंय.

त्याच ऑक्टोबरमध्ये गाडीच्या अपघातात माइल्सचे दोन्ही घोटे मोडले. दुखणी, वेदनाशामक गोळ्या, दारू, कोकेन. १९७५ मध्ये त्यानं वाजवणं थांबवलं. पुढची जवळपास पाच वर्षं न्यूयॉर्कच्या घरात पडदे ओढून बसला. ट्रम्पेटला हात लावला नाही.

तुतू

अभिनेत्री सिसली टायसननं त्याला त्यातून बाहेर काढलं. १९८१ मध्ये दोघांनी लग्न केलं, त्याच वर्षी तो मंचावर परतला. ३० वर्षांनी कोलंबिया सोडली आणि १९८६ मध्ये नव्या कंपनीकडून 'तुतू' काढला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या आर्चबिशप डेसमंड तुतूंचं नाव. तरुण मार्कस मिलरनं सिंथेसायझर आणि मशीनच्या ठेक्यांवर जवळपास सगळं एकट्यानं बांधलं आणि त्यावर ६० वर्षांच्या माइल्सचा तोच सरळ, न थरथरणारा सूर आला.

मग शेवटी नंबर कसे लागतात?

सात : तुतू. नव्या यंत्रांवर जुना सूर, पण बांधणी मुख्यतः दुसऱ्याची.

सहा : स्केचेस ऑफ स्पेन. ऐकायला सगळ्यात सोपा, पण मागून वाट काढणारे कमी.

पाच : माइल्स स्माइल्स. वादकांचा वादकांसाठीचा अल्बम. आजही जॅझ शिकणारी पोरं हाच गिरवतात.

चार : ऑन द कॉर्नर. सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला आणि सगळ्यात उशिरा समजलेला.

तीन : बर्थ ऑफ द कूल. विशीतल्या पोरानं गुरूची शैली सोडली, तीही गुरू जिवंत असताना.

दोन : बिचेस ब्रू. त्यासाठी त्यानं जुना श्रोता गमावला.

एक : काइंड ऑफ ब्लू. कारण जे शिकण्यासाठी तो घर आणि ज्युलियार्ड सोडून आला होता, तेच त्यानं इथं बाजूला ठेवलं. आणि जॅझ कधीच न ऐकलेल्या माणसालाही तो पहिल्याच वेळी ऐकवतो.

जाता जाता मागं वळून बघितलं

माइल्सला जुनी गाणी वाजवायचा आग्रह केला की तो चिडायचा. गेलं ते गेलं, हा खाक्या. क्विन्सी जोन्स कितीतरी वर्षं त्याच्या मागं लागला होता, की गिल इव्हान्ससोबतचं जुनं संगीत एकदा तरी परत वाजव. गिल १९८८ मध्ये गेला, तरी माइल्स ऐकेना.

शेवटी ८ जुलै १९९१ ला स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवात तो उभा राहिला. समोर मोठा ऑर्केस्ट्रा, क्विन्सी हातवारे करतोय आणि माइल्स 'बर्थ ऑफ द कूल' आणि 'स्केचेस ऑफ स्पेन'च्या काळातलं संगीत वाजवतोय. दम पुरत नव्हता, म्हणून शेजारी तरुण ट्रम्पेटवाला वॉलेस रोनी साथीला होता.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. २८ सप्टेंबर १९९१ ला कॅलिफोर्नियात माइल्स गेला. वय होतं ६५.

आज रात्री ऐकायचं ठरवलंच, तर 'सो व्हॉट'पासून सुरू करा. नऊ मिनिटांचं आहे. मोबाइल बाजूला ठेवून ऐका.